रिवाइंडिंगनंतर एकाच फेजचा रेझिस्टन्स वारंवार जास्त येतोय? तारेची ओढ तपासा

मोटर रिवाइंड करून गेली, बोअरमध्ये उतरली, थोडे दिवस चालली आणि परत आली. खोलून बघावं तर दोन फेज धडधाकट, तिसऱ्याचा कोळसा. पुन्हा भरली, पुन्हा तोच प्रकार. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेचं पाणी तुटून चालत नाही, त्यामुळे परत आलेली मोटर म्हणजे वर्कशॉपच्या दारात भांडण ठरलेलं. शेतकरी म्हणतो, तार हलकी घातली. वाइंडर म्हणतो, तुमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लाईट नीट नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं. पण या ओढाताणीत एक तिसरं कारण बाजूलाच राहतं: तार चांगली होती, भरताना ती ओढून लांबवली गेली.

खाली लिहिलंय ते थ्री फेज, तांब्याच्या वाइंडिंगच्या, साधारण तीन ते दहा एचपीच्या मोटरींबद्दल. बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबलमध्ये हा दोष जास्त दिसतो, पंप आणि मोटर एकत्र असलेल्या, वर बसवायच्या मोनोब्लॉकमध्ये कमी. कारण पुढे येईलच.

आधी रीडिंग खरं आहे का ते बघा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर दोन-सव्वादोन ओहम मोजणं म्हणजे अंदाजपंचे काम. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो, प्रोब कमी-जास्त दाबला की शेवटचा आकडा नाचतो. ज्या फरकाच्या मागे आपण आहोत तो दोन-चार टक्क्यांचा असतो. तो असल्या मोजणीत दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी भानगड तापमानाची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे दहा अंशांना जवळजवळ चार टक्के. सकाळी एक फेज मोजला, मध्ये चहा-नाश्ता झाला, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन तापल्यावर उरलेले दोन मोजले, तर तुम्ही तारेतला फरक मोजला नाही, सांगलीचा उन्हाळा मोजला. ओव्हनमधून किंवा बल्ब लावून वाळवलेल्या स्टेटरचं (मोटरच्या न फिरणाऱ्या, वाइंडिंग असलेल्या भागाचं) तर विचारूच नका, तो आतून गार व्हायला पूर्ण रात्र घेतो.

यावर स्वस्त आणि पक्का उपाय आहे. बारा व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्याशी सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्बामुळे करंट एक-दीड अँपिअरच्या आसपास राहतो, वाइंडिंग तापत नाही. मोटरची सहा टोकं बाहेर असतील तर तिन्ही फेज एकामागे एक सिरीजमध्ये जोडा. आता तिघांतून एकच करंट वाहतोय, तेव्हा अँमीटरची गरजच नाही. प्रत्येक फेजवरचा डीसी व्होल्टेज मोजायचा आणि तिघांची तुलना करायची. फेजवर दोन-सव्वादोन व्होल्ट मिळतात आणि साधा मीटरही ते शंभराव्या भागापर्यंत नीट दाखवतो. प्रोब मात्र बॅटरीच्या क्लिपवर टेकवायचे नाहीत, वाइंडिंगच्या तारेवरच टेकवायचे.

स्टार मोटरला, म्हणजे जिथे तिन्ही फेज आत एका बिंदूला (स्टार पॉइंटला) जोडलेले आणि यू, व्ही, डब्ल्यू ही तीनच टोकं बाहेर असतात तिला, आणखी सोपी युक्ती चालते. करंट यू आणि व्ही मधून सोडा. डब्ल्यूमधून करंट जात नाही, म्हणून डब्ल्यूचं टोक आतल्या स्टार पॉइंटच्याच व्होल्टेजवर असतं. मग यू-डब्ल्यूमध्ये मोजलं की एकट्या यू फेजचा आकडा आला, डब्ल्यू-व्हीमध्ये मोजलं की एकट्या व्हीचा. जोडणी फिरवून तिसराही काढा. स्टार पॉइंट उकलायला नको, वार्निश खरवडायला नको.

आतून डेल्टा केलेल्या, म्हणजे तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या, तीन टोकांच्या मोटरला ही युक्ती लागू पडत नाही. तिथे प्रत्येक रीडिंगमध्ये बाकीचे दोन फेजही समांतर येतात, त्यामुळे दोष लपतो. एका फेजचा रेझिस्टन्स सहा टक्के जास्त असेल तर त्याच्या टोकांवर साधारण चारच टक्के जास्त दिसतात, उरलेल्या दोन रीडिंगमध्ये प्रत्येकी एक. अशा मोटरीत रीडिंगांमध्ये दोन टक्क्यांचा फरक दिसला तरी आत चार टक्के आहेत असं धरून चाला.

एक सावधगिरी: बॅटरी सोडवताना आधी मीटरचे प्रोब काढा आणि उघडी टोकं हातात धरू नका. वाइंडिंगचा करंट एकदम तुटला की तो चांगला झटका देतो, मीटरही जाऊ शकतो.

ताणल्यावर तारेत नेमकं काय होतं

शाळेत घोकलेलं सगळ्यांना आठवतं: तार ताणून दुप्पट लांब केली की रोध चौपट. सूत्र बरोबर आहे. ताणल्यामुळे तांबं काही वाढत नाही, तेवढंच राहतं. लांबी वाढली त्या प्रमाणात जाडी, म्हणजे काटछेदाचं क्षेत्रफळ, घटतं. रेझिस्टन्स लांबीमुळे एकदा वाढतो आणि बारीक झाल्यामुळे दुसऱ्यांदा, म्हणून वर्गाच्या प्रमाणात. एक टक्का ताणली तर रेझिस्टन्स दोन टक्के वाढतो, तीन टक्के ताणली तर सहा टक्के, दहा टक्के ताणली तर एकवीस. दुप्पट वगैरे परीक्षेच्या पेपरातच. वाइंडिंगची मऊ तांब्याची तार पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढेमागे लांबून तुटून जाते.

पण वर्कशॉपमध्ये हे सूत्र जसंच्या तसं लावलं की हिशेब चुकतो, आणि चांगले जाणते लोक इथे अडकतात. वर्गाचं प्रमाण लागू होतं ते एकच तुकडा आधी आणि नंतर मोजला तर. मोटरमध्ये तसं नसतं. टर्न (वेढे) ठरलेले, कॉईल भरायचा साचा म्हणजे फॉर्मा ठरलेला, स्टेटरच्या खाचांची म्हणजे स्लॉटची लांबी ठरलेली. म्हणजे फेजमध्ये बसणाऱ्या तारेची शेवटची लांबी आधीच पक्की असते. तार ताणली गेली तर ती जास्तीची लांबी कॉईलमध्ये जात नाही, रिळावर तेवढी तार उरते एवढंच.

आकड्यांत बघा. एका फेजला ०.९ मिलिमीटरची ८० मीटर तार लागते असं समजा. वीस अंशांना तिचा रेझिस्टन्स साधारण २.१७ ओहम. तीच ८० मीटर तार तीन टक्के ताणली तर ती ८२.४ मीटर होईल आणि रेझिस्टन्स २.३० ओहम. पण आपल्या मोटरीत बसणार ८० मीटरच. तार बारीक झालेली, लांबी तीच, म्हणून रेझिस्टन्स २.२३, म्हणजे वाढ तीनच टक्के. तेव्हा एका फेजमध्ये तीन टक्के फरक दिसला तर "तार दीड टक्काच ताणली असेल" असा वर्गमुळाचा हिशेब करू नका. ती तीन टक्के ताणली गेली आहे.

इथे एक शंका रास्त आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढते तेव्हाही आतल्या लोड सेलमधली बारीक धातूची पट्टी ताणली जाते, तिचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरूनच वजन कळतं. ती पट्टी रोज शेकडो वेळा ताणून बिघडत कशी नाही? कारण तो ताण फार थोडा असतो. साडेतीनशे ओहमच्या पट्टीमध्ये पूर्ण भाराला एक ओहमसुद्धा फरक पडत नाही, आणि ट्रॉली उतरली की पट्टी मूळ लांबीवर येते. ताणामुळे तारेचा रेझिस्टन्स बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी, म्हणजे तेव्हाच्या विल्यम थॉमसन यांनी, १८५६ मध्येच लोखंड आणि तांब्याच्या तारांवर दाखवलं होतं. पण मऊ तांब्याची ही परत येण्याची ताकद टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आतच संपते. त्यापुढे ओढलं की तार लांबते ती कायमची.

मग तेवढ्याने मोटर जळते का?

नाही. तीन टक्के रेझिस्टन्स वाढला म्हणून मोटर जळत नाही. चालू मोटरचा करंट मुख्यतः वाइंडिंगच्या नुसत्या ओहमवर ठरत नाही. त्या फेजमध्ये उष्णता तीन टक्के जास्त होईल, तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने वाढेल. कोणतीही बरी मोटर तेवढं सोसते. म्हणून "रेझिस्टन्स जास्त म्हणून फेज जळाला" हे निदान मी मान्य करत नाही.

जळण्याचं कारण तारेवरच्या आवरणात आहे. तांबं मुकाट्याने लांबतं, आवरणाला ते झेपत नाही. इनॅमलवर बारीक भेगा पडतात, विशेषतः ताणलेली तार पुढे कॉईलच्या कोपऱ्यावर वाकली की. सबमर्सिबलच्या पीव्हीसी किंवा पॉली आवरणाच्या तारेत वेगळं घडतं. आवरण स्लॉटच्या तोंडाशी घासतं, आत तांबं पुढे सरकतं, एका जागी आवरण पातळ होतं आणि स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांच्या (लॅमिनेशनच्या) कडेला बारीकशी बर, म्हणजे धारदार कंगोरा, असेल तर चिरतं. कोरड्या स्टेटरवर मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) छान दाखवतो. मोटरीत पाणी भरून ती खाली गेली की काही दिवसांत त्या जागेतून गळती सुरू होते, टर्नला टर्न लागतो, आणि मग उरलेलं काम करंट करतो.

म्हणजे वाढलेला रेझिस्टन्स हा साक्षीदार आहे, गुन्हेगार नव्हे. या फेजमध्ये तार जोरात ओढली गेली होती, एवढंच तो सांगतो. पण तेवढं कळलं तरी पुढचं सगळं कळतं.

हा साक्षीदार कधी कधी गप्पही बसतो, हे विसरू नका. तार सगळीकडे सारखी न ताणता एकाच जागी ओरबाडून बारीक झाली तर एकूण आकड्यात काही दिसत नाही. ८० मीटरमधला एक मीटर जागच्या जागी वीस टक्के लांबला असेल तर फेजच्या एकूण रेझिस्टन्समध्ये पाव टक्क्याचा फरक पडेल. तो कुठल्याच वर्कशॉपमध्ये पकडता येणार नाही. त्या जागी मात्र दर मीटरला उष्णता वीस टक्के जास्त, आणि आवरणाची लक्तरं झालेली. रेझिस्टन्स तिन्ही फेजचे जुळले म्हणून तार निर्दोष, असं म्हणता येत नाही.

ओढ की टर्नची चूक की गेजची (तारेच्या जाडीची)?

एका फेजचा आकडा जास्त येण्याची आणखी दोन कारणं नेहमीची आहेत: टर्न जास्त पडला, किंवा तो फेज दुसऱ्या रिळातून भरला आणि ते रीळ किंचित बारीक निघालं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक इथे महाग पडतो. ०.९ ऐवजी ०.८९ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ दोन टक्क्यांहून जास्त घटतं.

टर्नची शंका असेल तर रोटर (फिरता भाग) बाहेर काढून डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) प्रत्येक फेजला वेगवेगळा, कमी आणि सारखा एसी व्होल्टेज द्या आणि करंट बघा. टर्न वाढला की त्याचा परिणाम वर्गाने होतो. चाळीसात एक टर्न जास्त असला तर करंट पाच टक्क्यांच्या आसपास कमी दिसतो. तार नुसती ताणलेली असेल तर इथे जवळजवळ काहीच फरक पडत नाही. डीसीला फरक दिसतो आणि एसीला दिसत नाही, म्हणजे टर्न बरोबर आहेत आणि तार बारीक आहे.

बारीक तार मुळातच तशी आली की ओढीने झाली, हे रिळावर उरलेल्या तारेवरून कळतं. जळालेल्या किंवा काढलेल्या कॉईलमधून चांगला दिसणारा तुकडा घ्या, आवरण काढा, मायक्रोमीटर लावा. रिळावरच्या ताज्या तारेलाही लावा. तीन टक्के ताणलेली ०.९ ची तार ०.८८७ भरेल. फरक बारीक आहे, पण मायक्रोमीटर स्वच्छ असेल आणि चार-पाच जागी मोजलंत तर दिसतो. एकाच जागी मोजून निकाल देऊ नका.

हाताला कळणारी खूणही आहे. ताजी मऊ तार पेन्सिलीभोवती गुंडाळली की तशीच बसते. ताणलेली तार कडक झालेली असते, सोडली की उलगडायला बघते. जुने वाइंडर "तार स्प्रिंग मारतेय" म्हणतात ते हेच. स्लॉटमध्ये कॉईल बसत नाही, बाहेर उड्या मारते, म्हणून तिला आणखी ठोकून बसवली जाते. म्हणजे आवरणाचे हाल दुप्पट. कडकपणामुळे तांब्याचा स्वतःचा रेझिस्टन्सही किंचित वाढतो, पण दोन-चार टक्के ओढीला ती वाढ इतकी थोडी असते की हिशेबात धरायचं कारण नाही.

ओढ कुठून येते आणि ती कशी काढायची

मोनोब्लॉकमध्ये कॉईल फॉर्म्यावर भरतात. तिथे ओढ दोन ठिकाणी तयार होते: रिळाच्या ब्रेकला आणि तार ज्या खिळ्या-कड्यांवरून वळते तिथे. तार घट्ट बसावी म्हणून पोरं चिंध्यांत धरून मुठीत आवळतात, त्याने कॉईल सुबक दिसते खरी. पण सुबक कॉईलला कोणी पाणी मागत नाही.

०.९ मिलिमीटरची मऊ तार अंदाजे पाच-सहा किलोच्या ओढीला कायमची लांबू लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला दोन किलोसुद्धा जड. आणि ओढ वळणावळणाने वाढत जाते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कोरड्या लोखंडी खिळ्यावरून तार काटकोनात वळली की पलीकडची ओढ दीडपटीवर जाते. अशी दोन वळणं असतील तर ब्रेकला दोन किलो आणि फॉर्म्यावर साडेचार. म्हणून ब्रेक ढिला करण्याआधी वळणं कमी करा. जिथे वळण टळत नाही तिथे फिरती, गुळगुळीत पुली लावा. चिंधीऐवजी नमद्याचे दोन तुकडे आणि हलकी स्प्रिंग पुरते. बाजारात मिळणारा साधा स्प्रिंग काटा फॉर्म्याच्या बाजूला तारेत अडकवून एकदा ओढ मोजा. तार लांबू लागते त्याच्या निम्म्यावर ओढ ठेवली की काळजी नाही.

सुरुवातीचा हिसका वेगळाच. भरलेलं रीळ जड असतं, मशीन पायाने एकदम दाबलं की रीळ हलण्याआधी तार ताणली जाते. प्रत्येक कॉईलच्या पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये दोष सापडतो तो यामुळे. रीळ उभं ठेवून तार वरून उलगडून घेतली तर रीळ फिरवायलाच लागत नाही, हिसकाही बसत नाही.

सबमर्सिबलचं काम जास्त अवघड, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. स्लॉट बंद, कॉईल आधी भरून बसवता येत नाही, तार एकेक टर्न करून स्लॉटमधून ओढून घ्यावी लागते. पहिले टर्न सुळकन जातात. स्लॉट भरत आला की शेवटच्या टर्नना अडचण होते, आणि तिथेच पोरगं पाय स्टेटरला लावून ओढतं. सुरुवातीला तर अख्ख्या फेजची लांबच लांब तार पलीकडे जायची असते, तेव्हा जमिनीवरून फरफटत येणारी तार, स्लॉटमधलं घर्षण आणि वळण हे सगळं एकाच हातावर येतं.

एकट्याने ओढायचं बंद करा. एकाने अलीकडून तार ढकलून द्यायची, दुसऱ्याने पलीकडून नुसती घ्यायची. येणारी तार जमिनीवर न टाकता मोठ्या सैल वेटोळ्यांत ठेवा, खाली स्वच्छ ताडपत्री. खडा आवरणात रुतला तर स्लॉटमध्ये तो करवतीचं काम करतो. स्लॉटला टाल्कम पावडर लावा. तेल-ग्रीस नको, पीव्हीसीला ते बाधतं. भरायच्या आधी प्रत्येक स्लॉटमधून चिंधी ओढून बघा. चिंधीचा धागा जिथे अडकेल तिथे बर आहे, ती घासून काढा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, आणि मोटर परत येते ती बहुतेक त्याच स्लॉटवरून.

शेवटचे एक-दोन टर्न खरंच जात नसतील तर जोर लावू नका. आधी स्लॉटमधल्या तारा एकमेकींवर चढल्या आहेत का ते बघून सरळ करा. तरीही जात नसतील तर घेतलेल्या तारेच्या आवरणाची जाडी मूळ तारेपेक्षा जास्त आहे का ते तपासा. तांब्याचं गेज तेच, पण बाहेरचा व्यास वेगळा, असं होतं. बारीक तांब्याची तार घेऊन टर्न बसवणं हा उपाय नव्हे. मग सगळ्याच फेजचा रेझिस्टन्स वाढतो आणि मोटर तिन्ही फेजांनी तापते.

भरून झाल्यावर वर सांगितलेली बॅटरीची तुलना करा. मी दोन टक्क्यांच्या आत जुळलं तरच पुढे जातो, त्यापेक्षा जास्त आलं तर तो फेज उकलतो. मग स्टेटर रात्रभर पाण्यात बुडवून तसाच ओला मेगर करा. कोरड्या मेगरवर सबमर्सिबल पास करू नये.

सगळं जुळूनही तोच फेज जळत असेल तर

मग तारेला दोष देऊ नका, लाईनकडे जा. बोअरवर, मोटर चालू असताना, तिन्ही फेजमधले व्होल्टेज मोजा. व्होल्टेजमध्ये एक टक्का तफावत असेल तर करंटमध्ये ती सहा ते दहा पटीने दिसते. डीपीवरचा एखादा सैल जंपर किंवा किटकॅट फ्यूजमधली जळकट तार तेवढी तफावत सहज आणते. टोंग टेस्टरने (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने) तिन्ही करंट लिहून घ्या. मग स्टार्टरवर, मोटरकडे जाणाऱ्या टोकांना तिन्ही फेज एकेक घर पुढे सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहते, आणि पुन्हा मोजा. जास्तीचा करंट मोटरच्या त्याच वाइंडिंगबरोबर फिरला तर दोष मोटरीत किंवा केबलच्या जोडात. लाईनच्याच त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात. हे लाईनमनसमोर करा. रात्रीच्या पाळीला लाईट असेल तर रात्रीच मोजा, दिवसा आणि रात्री त्याच डीपीवरचे आकडे बरेच वेगळे निघतात.